हळदीची बादली

लग्न होऊन सांगलीत आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी मोरीत किंचाळले होते. कराडकडचं माझं माहेर. तिकडं ऊस, सोयाबीन, भुईमूग. हळद बघितली ती मिसळणाच्या डब्यात, नाहीतर लग्नात अंगाला लावतात ती. आणि इथं नवऱ्याचं कामच हळदीच्या गोदामात. वाळलेली हळकुंडं मोठ्या लोखंडी ड्रममध्ये गरगर फिरवतात, त्यांची साल निघते, हळकुंड गुळगुळीत होतं, आणि सगळ्या गोदामात पिवळा धुरळा उडतो. त्या ड्रमवर नवऱ्याची देखरेख. घरी यायचा तेव्हा भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या, पापण्यांचे केसही पिवळे. नव्या नवरीच्या उत्साहानं मी त्याची बनियन आणि शर्ट भिजवून साबण चोळला, तर बादलीत लालभडक पाणी. मी "आई गं!" म्हणून बाहेर पळाले, ती किंकाळी थेट चुलत सासऱ्यांच्या घरापर्यंत ऐकू गेली असणार.

सासूबाई चपात्या लाटत होत्या. हातातलं लाटणं घेऊनच आल्या, बादलीत डोकावल्या, आणि हसून हसून भिंतीला टेकल्या. "आगं येडे, हळद हाय ती! साबण लागला की लाल हुती. धूव, उन्हात टाक, सांजंपातूर जाती का न्हाई बघ." आणि खरंच, दोन-तीन पाण्यातून काढल्यावर लाल गेलं, फिकट पिवळं राहिलं, आणि उन्हानं तेही निम्मं खाल्लं. सासूबाईंनी मात्र ही गोष्ट वर्षभर पुरवली. "आमची सून हळदीला भ्याली," असं गल्लीत ज्याला त्याला सांगायच्या. मलाही मग चेव आला. म्हटलं, आता ह्या बाईला कपडे धुवायचं शिकवूनच दाखवते.

आणि दाखवलं. आज आमच्या गल्लीत कुणाच्याही पदरावर काही सांडलं की बाई आधी माझ्याकडं येते. चहा सांडला तर लगेच गार पाणी, चोळायचं नाही. तेलाचा डाग पडला तर पाणी लावायच्या आधी टाल्कम पावडर दाबून ठेवायची, ती तेल ओढून घेते. पेनची शाई गेली नाही तर सॅनिटायझर. कोरोनात घेतलेल्या बाटल्या घरोघरी पडल्यात, त्या कधी कामाला यायच्या? लोखंडाचा गंज लिंबू-मिठानं जातो. हळद साबणात लाल झाली आणि जीव घाबरला तर लिंबू पिळा, लगेच पिवळी होते. आणि रक्ताला कायम गार पाणी. गरम पाणी घातलं की रक्त शिजतं, तपकिरी होऊन कापडात बसतं, मग ते कापड फाटेल पण डाग जाणार नाही. हे सगळं मी बायकांना असं काही ऐकवायची की जणू मी कॉलेजात शिकवते. खरं तर मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे.

डाग बघून माणूस काय करून आलाय हे सांगायचा मला नादच होता. मुलीच्या फ्रॉकवर केशरी ठिपके दिसले की, "बर्फाचा गोळा खाल्लास ना?" सासूबाईंना साखर आहे, त्यांच्या पदराला चिकटपणा लागला की, "आत्या, गुळाच्या डब्यात हात गेला वाटतं." नवऱ्याच्या शर्टवर खिशाजवळ तेलाची बोटं आणि मोहरीचा दाणा चिकटलेला, म्हणजे डबा न खाता मित्रांबरोबर भडंग हाणलेलं. तो वैतागायचा. "हिला पोलिसात घ्यायला पायजे हुती," म्हणायचा. पण मनातून त्याला कौतुक होतं, मला कळायचं. गोदामातल्या माणसांनाही सांगायचा, आमच्या घरात काय लपत न्हाई म्हणून.

मग मुलगी तिसरीत गेली, माझी शाळा सकाळची झाली, आणि कपड्यांपुढं बसायला वेळच उरला नाही. मशीन घेतलं. पण मशीनमध्ये हळद घालायची नाही. एकदा चुकून घातली तर मुलीचा पांढरा पीटीचा ड्रेस पिवळा झाला आणि ती रडून लाल झाली. म्हणून मी पद्धत लावली. मोरीत तीन बादल्या. एक शाळेची, मुलीची आणि माझी. एक चादरी-टॉवेलांची. आणि एक हळदीची. हळदीच्या बादलीत संध्याकाळीच साबणाचं गार पाणी करून ठेवायचं. नवरा आला की अंगावरचे कपडे थेट त्यात, तोंडाला बांधलेला रुमालही त्यातच. धुरळा घरात झटकायचा नाही. सकाळी पाणी ओतायचं, दोनदा खंगाळायचं, दोरीवर. डाग बघत बसायचं नाही. सगळं मिळून वीस मिनिटं. माझ्या पद्धतीवर मी इतकी खूश होते की शाळेत बाकीच्या बायकांनाही सांगत सुटले, कपडे निवडत बसायचंच नाही, निवडण्यातच वेळ जातो.

यंदा हळदीचा हंगाम जोरात होता. नवरा खोकायचा. त्यात नवल ते काय? हंगामात सगळं गोदाम खोकतं. पाऊस लागला की आपोआप थांबतं. थोडा वाळला होता, तर सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळा लय हाय, जेवान जात नसंल." मी म्हणाले, बरंच झालं, पोट कमी झालं. असं मी म्हणाले. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

एप्रिलच्या शेवटी, एका रविवारी दुपारी, मी गच्चीवर कपडे काढायला गेले. ऊन रणरणत होतं. दोरीच्या पार टोकाला, माझ्या साडीच्या मागं, नवऱ्याचा रुमाल वाळत होता. मी तो टाकलेला नव्हता. आमच्या घरातल्या पुरुषानं स्वतःचा रुमाल स्वतः धुतला! मला आधी हसूच आलं. हातात घेतला तर मधोमध तपकिरी कडं. एखादा रुपया मावेल एवढं. बाकीचा रुमाल स्वच्छ, पण ते कडं तसंच.

हळद कधी तपकिरी होत नाही. माझं डोकं एकदम फिरलं. गुटखा! म्हटलं, ह्या वयात, घरात लेकरू असताना, माणसानं गुटखा धरला आणि वर डाग लपवायला स्वतः रुमाल धुतोय. नवरा केस कापायला गेला होता. मी तरातरा खाली आले, लिंबू कापलं, त्या कड्यावर पिळलं. काही नाही. रंग तसूभर हलला नाही. मग खुंटीला लावलेली त्याची पँट उचलली आणि खिसे उलटे केले. पुडी सापडली की तोंडावर फेकायची, हे ठरलेलंच होतं. काय काय बोलायचं तेही ठरवून टाकलं होतं.

पुडी सापडली नाही. मागच्या खिशात आणखी एक रुमाल होता, चौकोनी घडी घालून दाबून ठेवलेला. उलगडला. तोंडाला बांधायचा रुमाल बाहेरच्या अंगानं पिवळा असतो, धुरळा तिथंच बसतो. हा बाहेरून पिवळाच होता. डाग आतून होता, तोंडाच्या बाजूनं. काळपट, कडक झालेला. मी वास घेतला. गुटख्याचा नव्हता.

मी मोरीत गेले आणि नळाखाली धरला. साबण लावला नव्हता, नुसतं गार पाणी. आणि पाणी लाल झालं.

नळ चालूच राहिला. मला तो बंद करायचं सुचेना. साबण नाही आणि पाणी लाल, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले, आणि मग माझं लक्ष गेलं की मी बसलेय ती हळदीचीच बादली. रोज सकाळी मी हिच्यातलं लाल पाणी ओतलंय. किती दिवस? त्यातलं हळदीचं किती आणि ह्याचं किती? मग पाडवा आठवला. पाडव्याला गोदाम बंद होतं. आदल्या दिवशीही दुपारपर्यंत फक्त झाडलोट, ड्रम चालला नव्हता. तरी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी लाल होतं. मला ते पाणी स्पष्ट दिसत होतं, कारण मी गडबडीत ते ओतताना पायावर सांडलं होतं आणि चिडले होते. चिडले, पण थांबले नाही.

आणि मुलगी बापाच्या कुशीत झोपते. हे आठवल्यावर माझ्या तोंडून आवाज फुटला तो ऐकून सासूबाई आल्या. मी रुमाल पुढं केला. त्या ह्या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल बघितला, माझ्याकडं बघितलं आणि चौकटीला धरून हळूच खाली बसल्या. "कुणाचं गं?" म्हणाल्या. कुणाचं ते त्यांना ठाऊक होतं. तरी विचारलं.

नवरा आला तो केसांना तेल लावून, मजेत. मी दारातच त्याला रुमाल दाखवला. मी एवढंच म्हणाले, "हे काय हाय?"

"काय न्हाई. घसा फुटलाय. धुरळ्यानं."

"घसा फुटतो व्हय? घसा म्हणजे काय फुगा हाय?"

"आगं, लेकरापुढं नगं—"

"लेकरापुढं नको कसं? लेकरू तुमच्या उशाला झोपतंय!" माझा आवाज एवढा चढला की शेजारचा टीव्ही बारीक झाला. त्यानं मुलीकडं बघितलं. ती आतल्या दारात चित्रकलेची वही धरून उभी होती. मग चप्पल काढून तो खिडकीजवळ जाऊन बसला. ते बघून मी जास्त घाबरले. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर वयस्कर होते, शांत. पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकत बसले. मग विचारलं, "खोकल्यातून रक्त किती दिवसांपासून?"

"चार-पाच दिवस," नवरा म्हणाला.

"महिना झाला," मी म्हणाले. "जास्तच असेल."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. नवऱ्यानंही. "तुम्ही बघितलंत का?" डॉक्टरांनी विचारलं. काय सांगणार? बघितलं पण आणि नाही पण. मी म्हणाले, "धुतलं." त्यांना ते नीट कळलं नसावं. मीही समजावून सांगितलं नाही. त्यांनी एक्स-रे लिहून दिला, थुंकीची तपासणी लिहून दिली, परवा या म्हणाले. "टीबी असू शकतो, दुसरंही काही असू शकतं. रिपोर्टशिवाय मी बोलणार नाही." दुसरं काय, हे विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

ते दोन दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. मुलीचं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत टाकलं. तिनं विचारलं, "पप्पांना काय झालंय?" मी म्हणाले, "खोकला." तिनं विचारलं, "मग तू का रडतीस?" मी तिच्यावर ओरडले. नवरा खिडकीजवळ बसून राहायचा. तोंडाला मास्क. माझ्याकडं बघायचा आणि मी बघितलं की दुसरीकडं बघायचा. शेजारीण वाटी परत द्यायला आली आणि म्हणाली, "काय गं, आज मालक घरी?" मी बेधडक खोटं बोलले, पोट बिघडलंय म्हणाले. टीबीचं नाव गल्लीत गेलं तर मुलीबरोबर कोण खेळणार, हे डोक्यात. आणि टीबीच असू दे देवा, ते दुसरं नको, हेही डोक्यात. असली कसली मागणी! नवऱ्याला टीबी होऊ दे म्हणून मी मंगळवारी सकाळी देवापुढं उभी होते.

कपडे तर होतेच. भीती असो नाहीतर काही असो, माणसं कपडे घालतात आणि ते धुवावेच लागतात. त्याचे कपडे मी आता एकेक करून, उजेडाला धरून बघायची. आत-बाहेर उलटून, कॉलर, बाही, खिसा. काही नसलं की पुन्हा बघायची. पहिल्या दिवशी हातात प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या होत्या. सासूबाईंनी ते बघितलं, शेजारी येऊन बसल्या आणि उघड्या हातानं त्याची बनियन खंगाळायला लागल्या. मग मीही पिशव्या काढून टाकल्या. लाज वाटली, पण भीती कमी झाली नाही. एक शर्ट मी इतका घासला की कॉलर उसवली.

बुधवारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आम्हाला बसवलं, कागद दोनदा वाचला. त्यांचं वाचून होईपर्यंत मी नवऱ्याचा शर्ट मुठीत धरला होता, पाठीमागून, त्याला कळू न देता. "टीबी आहे," ते म्हणाले. "गोळ्यांनी बरा होतो. सहा महिने, एक दिवस चुकवायचा नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. उशीर झालाय, पण फार नाही. मुलीला आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा." मी कपड्यांचं विचारलं. ते म्हणाले, कपड्यांनी नाही पसरत, खोकल्यानं पसरतो, मास्क ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. आणि गोदामाचं काम आता बंद.

मी तिथं खुर्चीतच ढसाढसा रडले. नवरा म्हणत होता, "आगं, बरा हुणार म्हणत्यात की डॉक्टर, ऐकलंस न्हाई का?" ऐकलं होतं. म्हणूनच तर रडत होते. मुलीला आणि सासूबाईंना दुसऱ्याच दिवशी तपासून आणायचं ठरवलं. आता सांगून टाकते, दोघींचं आणि माझंही काही निघालं नाही. पण त्या बुधवारी ते माहीत नव्हतं.

दवाखान्याबाहेर गाडी लावली होती. कडुलिंबाच्या झाडाखाली, तरी सीट तापली होती. रडून झाल्यावर माझ्यात राग परत आला. तो गोळ्यांची पिशवी हँडलला अडकवत होता आणि मी सुरू केलं.

"महिनाभर रक्त पडत होतं. महिनाभर! बायको म्हणून एका शब्दानं सांगावं वाटलं न्हाई तुम्हाला? घरात लहान पोरगी. एवढा कसला ताठा?"

तो गडबडला. खरंच गडबडला, मला दिसलं ते. "तुला काय सांगायचं?" म्हणाला. "तुला ठाऊक न्हवतं व्हय?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"तूच तर धूत हुतीस की रोज."



"मग तो रविवारचा रुमाल का लपवलात?" मी विचारलं.

"त्यात रक्ताची गाठ पडली हुती. ती बघून तू भिशील, म्हणून गिझरच्या पाण्यानं धुतला आन् लांब टाकला. दुसरा धुवायला येळ न्हाई गावला." तोंडावरचा मास्क त्यानं खाली ओढला, मग आठवण होऊन परत वर केला. "त्याच्या आदीचं तर तू बघतच हुतीस. बारीक ठिपका बी तुझ्या नजरंतनं सुटत न्हाई. पयल्यांदा रक्त पडलं तवा मी लय भ्यालो हुतो. रुमाल बादलीत टाकला आन् म्हणलं, आता सकाळी ही बोंब मारंल, मग जाऊ दवाखान्यात. सकाळी तू काय बोलली न्हाईस. दुसऱ्या दिवशी बी न्हाई. मग म्हणलं, हिनं बघून बी ही काय बोलत न्हाई, म्हंजी घाबरण्यासारखं काय नसंल. बिनघोर झालो बघ मी."